अफींच्या दंडावरची पट्टी

मुलांनो, जरा डोळे मिटा बरं. सगळ्यांनी! मागे बसून खिदळणाऱ्यांनीसुद्धा. आता असं समजा की तुमच्यासमोर एक सरोवर आहे. केवढं? पलीकडचा काठ दिसूच नये एवढं! आणि ते सगळंच्या सगळं गोठलेलं. इतकं घट्ट की माणसं त्यावरून खुशाल ट्रक हाकतात. त्या बर्फाच्या मैदानात मधोमध एक लाकडी खोपट. खोपटाच्या जमिनीला एक भोक, भोकात सोडलेला गळ, आणि शेजारी उलट्या बादलीवर बसलेला एक दांडगा म्हातारा. नाक लाल, दाढीला बर्फाचे मणी लोंबताहेत. दिसला?

झालं तर मग. उघडा डोळे. मिटल्या डोळ्यांनी पुढचं वाचणार कसं?

हे म्हातारबुवा म्हणजे बाल्डर आयॉल्फसन. राहणार सँडविक, विनिपेग सरोवराचा काठ, मॅनिटोबा, कॅनडा. सँडविकमधल्या बहुतेकांचे खापरपणजोबा आइसलंडहून बोटीत बसून आलेले. त्यामुळे तिथे अजून आजोबांना 'अफी' म्हणतात आणि आजीला 'अम्मा'. बाल्डरना त्यांची नात सिग्नी अफी म्हणायची, आणि तिचं ऐकून ऐकून अर्धं गावही त्यांना अफीच म्हणू लागलं होतं.

अफी माणूस मोठा गोड. फक्त एक खोड होती, बढाई मारण्याची.

"फ्लू? आणि मला?" ते छाती ठोकून म्हणायचे. "अहो, उणे तीसच्या थंडीत चाळीस हिवाळे काढलेत मी बर्फावर! फ्लूचा जंतू माझ्या नाकात शिरलाच, तर थंडीने काकडून मरेल बिचारा!"

लोक हसायचे. अफी आणखी फुगायचे.

पण या फुग्याला एका गोष्टीची भीती होती. सुईची! कोणत्याही फुग्याला असते तशीच. एकदा माशाचा गळ अंगठ्यात आरपार घुसला, तो त्यांनी शीळ घालत पकडीने उपटून काढला होता. पण दुसऱ्याच्या हातातली सुई आपल्याकडे येताना दिसली की अफी बाहेर पडायचं दार शोधायला लागायचे.

ऑक्टोबरात दरवर्षी गावच्या हॉलमध्ये फ्लूची लस द्यायला मार्गो नर्स येते. त्या वर्षी लाराअम्मांनी, म्हणजे अफींच्या बायकोने, बजावून सांगितलं, "हे बघ बाल्डर, यंदा लस घेतल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही. तुझ्यासाठी नाही म्हणत मी. इंगाताईंसाठी म्हणतेय."

इंगाताई अफींची थोरली बहीण. नव्वदी ओलांडलेली, वृद्धाश्रमात राहणारी, जिभेने अजून तिशीतली. मागच्या हिवाळ्यात तिला फ्लू झाला, तो छातीत उतरला आणि ती मरणाच्या दारातून परत आली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी एकदा असं झालं तर सांगता येत नाही. लस तिनेही घेतली होती, पण त्या वयात लसीचं बळ थोडं कमीच पडतं. म्हणून तिच्या आसपासच्यांनी लस घ्यायची, म्हणजे फ्लू तिच्यापर्यंत पोचायला वाटच उरत नाही.

अफी मुकाट्याने रांगेत उभे राहिले. रांग सरकत गेली. सुई जवळ येत गेली. त्यांचा नंबर आला, आणि नेमकी मार्गो कापूस आणायला वळली. ताटलीत गोल गोल पट्ट्या मांडून ठेवलेल्या होत्या, लस टोचली की दंडावर चिकटवायच्या. अफींनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. एक पट्टी उचलली, दंडावर चिकटवली, शेजारच्या थाळीतलं एक बिस्कीट तोंडात कोंबलं आणि बाही खाली करत सटकले!

बाहेर कोटांच्या रांगेमागे कुणीतरी मुसमुसत होतं. सिग्नी! तिलाही सुईची भीती. आजोबांचीच नात ती.

"अफी, दुखलं का हो?" तिने विचारलं.

आता काय सांगणार? अफींनी बाही वर केली, पट्टी दाखवली आणि म्हणाले, "छे गं! मुंगी चावल्याएवढंसुद्धा नाही."

सिग्नीने त्या पट्टीवरून हलकेच बोट फिरवलं. मग डोळे पुसले, नाक ओढलं आणि ताठ मानेने आत जाऊन लस घेऊन आली. एकदाही ओरडली नाही.

खरं तर अफींनी तिथूनच मागे फिरून पुन्हा रांगेत उभं राहायला हवं होतं. मनात आलंही होतं तसं. पण तेवढ्यात ते बिस्कीट संपलं, आणि त्याबरोबर तो विचारही.

घरी लाराअम्मांनी पट्टी पाहिली आणि लगोलग इंगाताईंना फोन लावला, "घेतली हो तुमच्या भावाने एकदाची!"

ऑक्टोबर गेला, डिसेंबर गेला. जानेवारीच्या शेवटी गावात फ्लू आला. आधी पोस्टातल्या बाई आजारी पडल्या, मग दूधवाल्याचं घर, मग शाळेतले अर्धे वर्ग रिकामे! आणि त्याच आठवड्यात होती गावची हिवाळी मेजवानी.

सँडविकमध्ये या मेजवानीचा एक रिवाज आहे. जेवण सुरू व्हायच्या आधी गावातल्या सर्वांत थोरल्या माणसाला पहिला घास भरवायचा. घास सुक्या माशाचा, लोणी लावलेला. आणि तो कुणी भरवायचा? ज्याने हाताने मासा पकडला, सुकवला, त्यानेच हाताने तोडून. सर्वांत थोरली अर्थात इंगाताई, आणि मासा अर्थात अफींचा! दहा वर्षं हा मान त्यांनी कुणाला घेऊ दिला नव्हता.

मेजवानीच्या दिवशी सकाळी अफी धडधाकट होते. दोन कप कॉफी, चार पाव, वर बढाई. दहा वाजता शाळेच्या पेट्राबाईंचा फोन आला. मार्गो नर्स मुलांना हात धुण्याचा धडा द्यायला येणार होती, पण वादळाने हमरस्ता बंद पडला. तिची पेटी मात्र आदल्या दिवशीच शाळेत पोचली होती. तिच्याऐवजी अफी येतील का?

"येतील का म्हणजे? निघालोच!" अफींनी बूट चढवले. वाटेतच त्यांची पाठ जरा दुखायला लागली. सकाळी बर्फ फोडला त्याने असेल, असं म्हणून त्यांनी सोडून दिलं.

अफी शाळेत पोचल्यावर मार्गोने त्यांना फोनवरून समजावलं, "बाल्डर, नीट ऐका. पेटीत जांभळी चमकी आहे. ती म्हणजे जंतू, असं समजायचं. तळहाताला थोडं क्रीम लावा, वर चिमूटभर चमकी. मग मुलांशी हात मिळवा. चमकी कुठे कुठे जाते ते मुलांना बघू द्या. मग सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे. चिमूटभरच हं!"

"चाळीस वर्षं मासे खारवलेत मी, बाई," अफी म्हणाले. "चिमूट म्हणजे किती, हे मला नका शिकवू!"

आणि त्यांनी अख्खी बाटली हातावर उपडी केली! पेटीतलं क्रीम त्यांना पाणचट वाटलं. म्हणून त्यांनी खिशातून स्वतःचं मलम काढलं. वाऱ्याने हात फाटू नयेत म्हणून बर्फावर जाताना लावायचं मलम ते! डांबराचा सख्खा भाऊ. एकदा लागलं की उन्हाळ्यापर्यंत सोबत.

मग अफींनी नर्सबाईंचा कागद डोळ्यांसमोर धरला आणि घसा साफ केला.

"मुलांनो, सर्दी येते ती भिडस्त पाहुण्यासारखी. आधी दार वाजवते, एखादी शिंक. मग नाक गळतं. हळूहळू आत येते. फ्लू तसा नाही. तो दारच तोडून आत येतो! सकाळी ठणठणीत असलेला माणूस दुपारी आडवा! ताप एकदम चढतो..."

त्यांच्या कपाळावरून घामाचा ओघळ चष्म्यावर उतरला.

"...थंडी वाजून येते..."

कागद त्यांच्या हातात सुक्या पानासारखा फडफडायला लागला. दात कडकड वाजले.

"...अंग असं मोडून येतं की..." अफी ताठ उभं राहायला गेले. "आई आई गं!"

मुलं खदखदून हसली. पहिल्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "अफी, तुम्ही काय भारी नाटक करता!"

"आणि," अफी कसंबसं म्हणाले, "कोरडा खोक... खोक... खॉ! खॉ! खॉ!"

बावीस पोरं एका सुरात ओरडली, "कोपरात! अफी, कोपरात!"

पण उशीर झाला होता. अफी खोकले होते ते सरळ तळहातात, त्या जांभळ्या चमकीवर.

पेट्राबाईंनी टाळ्या वाजवल्या. "बघितलंत ना मुलांनो? काय करायचं नाही, हे किती छान दाखवलं अफींनी! हुबेहूब आजारी दिसत होते की नाही?"

"वन्स मोअर!" मुलं ओरडली.

अफींना वन्स मोअर द्यावाच लागला नाही. तो आपला आपण आला. खॉ! खॉ!

मग त्यांनी सगळ्यांशी हात मिळवले. चमकी बाकांवर गेली, पेन्सिलींवर गेली, एकाच्या कानात गेली. मुलं खूश! पेट्राबाईंनी सगळ्यांना नळाकडे पिटाळलं. "साबण लावा, बोटांच्या बेचक्यांत घासा, आणि आपलं बोटीचं गाणं संथपणे एक कडवं पूर्ण म्हणा. त्याआधी नळाला हात लावायचा नाही."

मुलांनी गात गात हात चोळले. नळाशी ही गर्दी. अफींना उभं राहवेना. त्यांनी तसेच लोकरी हातमोजे चढवले.

"अफी, तुमचे हात?" सिग्नी ओले हात झटकत म्हणाली.

"घरी धुतो गं."

"पण तुम्हीच तर शिकवलंत..."

"शिकवणाऱ्याला सगळं माफ असतं," अफी म्हणाले आणि निघाले.

सिग्नी दारात उभी राहून बघत राहिली. अफी ट्रककडे चालले होते, पण एरवीसारखे नाही. प्रत्येक पाऊल असं टाकत होते, जणू बुटांत मासे भरलेत.

आता मुलांनो, अफींना कळलं नसेल का? कळलं होतं. ट्रकमध्ये बसल्या बसल्याच कळलं होतं. कागदावरची एकेक ओळ त्यांच्या अंगात उमटली होती. पण लाराला सांगायचं म्हणजे ती मार्गोला फोन लावणार, मार्गो आपल्या यादीत नाव शोधणार, आणि म्हणणार, "बाल्डर? ते तर लस न घेताच गेले होते!" मग ती पट्टी, मग ती मुंगी! आणि पहिला घास भरवण्याचा मान यंदा जाणार दुसऱ्याकडे.

'थकवा आहे नुसता,' अफींनी स्वतःला सांगितलं. इंगाताईचा विचार मनात आलाच. गळाला लागलेल्या मासोळीसारखा वळवळला. अफींनी तो अलगद परत पाण्यात सोडून दिला.

घराच्या दारातच लाराअम्मा. "काय रे, चेहरा का असा लालबुंद? ताप आलाय की काय? ये इकडे, कपाळ बघू."

"आलोच! ट्रकचा दिवा राहिला!" अफी मागच्या मागे पळाले, गुडघे टेकले आणि कुंपणापाशी साठलेल्या बर्फात कपाळ खुपसलं. शेजारची ऑडनी खिडकीतून बघत होती. तिला वाटलं, प्रार्थना करताहेत. तिने आदराने पडदा ओढला.

अफी परत आले. लाराअम्मांनी कपाळाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. "अगंबाई! बर्फासारखं गार!"

"निरोगी माणसाचं कपाळ आहे ते," अफी म्हणाले, आणि कोरडा खोकला गिळून टाकला. डोळ्यांत पाणी आलं, पण गिळला.

दोन तास पांघरुणात कुडकुडून, गरम कॉफीच्या जोरावर अफी संध्याकाळी हॉलमध्ये हजर! हात धुतले? धुतले की. साबणाचा नुसता मुका घेतला हातांनी. डांबराच्या भावाला त्याचं काय! आणि खोकला आला की तोंडावर हात जायचा तो तळहातच. चाळीस वर्षांची सवय. बर्फावर एकट्याने खोकताना कोपर कुणाला आठवतं?

दारात उभं राहून त्यांनी येणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळवला. सगळ्यांच्या कोटांना हात लावून कोट टांगले. खुर्च्या मांडल्या. आणि लाराअम्मांचा सात थरांचा आलुबुखाराचा केक स्वतःच्या हाताने कापून वाटला.

तिथे पहिला भडका उडाला.

या केकवरून सँडविकमध्ये भावाभावांत बोलणं बंद झालेलं आहे, हे आधी लक्षात घ्या. लाराअम्मांच्या माहेरी केकवर काही म्हणजे काही घालत नाहीत. वर साखरेचा लेप लावणं म्हणजे कुळाला बट्टा! शेजारची ऑडनी लेप लावते, म्हणून लाराअम्मा तिच्याकडे वर्षानुवर्षं केक खात नाहीत. आणि आज ऑडनी हातातला तुकडा दिव्याखाली धरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगं लारा! शेवटी तूही सजावट करायला लागलीस तर! आणि जांभळी? धाडसी आहेस हो!"

"सजावट? मी?" लाराअम्मांनी तुकडा पाहिला. वरच्या थरावर जांभळी चमकी लुकलुकत होती. "हे... हे तूच टाकलंस, ऑडनी!"

"मी कशाला टाकू? आणि तुझ्या कानावर पण आहे."

"तुझ्या गालावर आहे!"

"पाद्रीबाबांच्या टकलावर आहे बघ!"

खरंच होतं. पाद्रीबाबा विचार करताना टक्कल खाजवत असत, आणि आज ते बराच विचार करत होते. त्यांचं डोकं नाताळच्या झाडावरच्या गोळ्यासारखं चमकत होतं.

सगळे हसत होते. हसत नव्हती ती एकटी सिग्नी. तिने दाराची मूठ पाहिली. जांभळी. कोटांच्या बाह्या जांभळ्या. कॉफीच्या पिंपाची तोटी जांभळी. बटाट्याच्या डावाचा दांडा जांभळा. त्या चमकीच्या मागोमाग ती चालत गेली, आणि वाट संपली ती अफींपाशी. ते कोपऱ्यात भिंतीला टेकून तळहातात खोकत होते.

"अफी."

अफी दचकले. "काय गं सोनू?"

"शाळेत तुम्ही खोकलात ते नाटक होतं ना?"

"हो तर!"

"मग आता इथे कुणासाठी करताय?"

अफींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात हॉलचं दार उघडलं आणि वृद्धाश्रमाच्या माणसाने इंगाताईंची चाकाची खुर्ची आत आणली. सगळे उठून उभे राहिले. इंगाताई केसाळ टोपीत बसल्या होत्या, घुबडासारख्या टक्क डोळे उघडून.

"काय रे पोरा," त्या लांबूनच ओरडल्या, "उकडलेल्या खेकड्यासारखा का झालायस? आणि घास कुठेय माझा? सकाळपासून उपाशी ठेवलंय मला या लोकांनी!"

"ताई, आणतो," अफी म्हणाले. ताटात सुका मासा ठेवलेला होता. त्यांनी एक तुकडा तोडला, त्याला लोणी लावलं. पाद्रीबाबांनी चमकतं डोकं झुकवलं. अफी खुर्चीपाशी आले, वाकले. हात पुढे गेला. इंगाताईंनी तोंड उघडलं. आणि दिव्याच्या उजेडात लोण्यावर जांभळं काहीतरी लुकलुकलं.

"इंगाअम्मा, तोंड बंद कर!"

सिग्नीचा आवाज एवढा मोठा असेल, हे सिग्नीलाही माहीत नव्हतं. नव्वदी ओलांडल्यापासून इंगाताईंना तोंड बंद कर म्हणायची छाती कुणाची झाली नव्हती. त्यामुळे त्यांनी आश्चर्यानेच ते खटकन मिटलं.

"सिग्नी!" लाराअम्मा ओरडल्या. "काय बोलणं हे?"

सिग्नी आता अफी आणि इंगाताईंच्या मधे दोन्ही हात पसरून उभी होती. "सगळ्यांनी आपापले हात बघा," ती म्हणाली. "जिथे जिथे जांभळं आहे ना, तिथे अफींचा खोकला आहे. आम्ही शाळेत शिकलोय. अफींनीच शिकवलं. ताप, थंडी, अंगदुखी, खोकला. सगळं आहे त्यांना. सकाळपासून आहे."

हॉलभर माणसं आपापल्या तळहातांकडे बघू लागली. मग बाह्यांकडे. मग हातातल्या केककडे. ऑडनीने तोंडातला घास हळूच रुमालात काढला.

लाराअम्मांनी अफींच्या कपाळाला हात लावला. या वेळी बर्फ हाताशी नव्हता. "अरे देवा, तव्यासारखं तापलंय! बाल्डर, पण तू तर लस घेतली होतीस ना?"

अफींनी दंडावरची बाही आणखी खाली ओढली.

पाद्रीबाबा समजुतीने म्हणाले, "लस घेऊनही कधी कधी होतो हो फ्लू. फक्त मग जोर कमी असतो. त्यात बाल्डरचा काय दोष?"

पळवाट उघडली! अगदी दाराएवढी मोठी. अफी त्यातून निसटणारच होते. पण तेवढ्यात सिग्नी मान वर करून सगळ्यांना ठणकावून म्हणाली, "हो! अफींनी घेतली होती लस. मी स्वतः पट्टी पाहिलीय. ते घाबरले नाहीत म्हणून तर मी घेतली!"

अहो, चाळीस हिवाळ्यांत अफींना कधी एवढं गार वाटलं नव्हतं. पायांखालचा बर्फ फुटावा आणि आपण त्यात गडप व्हावं, असं त्यांना झालं. पण हॉलची जमीन लाकडी होती. ती काही फुटेना.

"पट्टीखाली काही नव्हतं," अफी म्हणाले.

"काय?" लाराअम्मांनी विचारलं.

"काही नव्हतं. नुसती पट्टी चिकटवली मी. ताटलीतून उचलून." त्यांनी सिग्नीकडे पाहिलं, आणि लगेच आपल्या बुटांकडे. "सुईला भ्यालो. मुंगीबिंगी सगळं खोटं. मुंगी कशी चावते ते मला ठाऊकच नाही."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं अफींना वाटलं. सिग्नीचे पसरलेले हात हळूहळू खाली आले.

बोलल्या त्या इंगाताई. "बाल्डर, मागच्या वर्षी मी तीन आठवडे नळ्या लावून पडले होते, तेव्हा रोज काचेपलीकडे येऊन रडत होतास तो तूच ना?"

"मीच, ताई."

"मग आता आधी लांब हो माझ्यापासून. रडायचं ते घरी जाऊन रड."

अफी लांब झाले. पार दारापर्यंत. लाराअम्मांनी त्यांना कोट घातला, गळपट्टा नाका-तोंडावरून गुंडाळला आणि ट्रकमध्ये बसवलं. ट्रक निघताना त्यांना उजळलेल्या खिडकीतून दिसलं, सगळा गाव हॉलच्या नळापुढे रांग लावून उभा होता आणि हात चोळत बोटीचं गाणं म्हणत होता. रांगेच्या तोंडाशी स्टुलावर चढून सिग्नी साबण देत होती. पेट्राबाई टेबलं पुसत होत्या. केक कचऱ्यात चालला होता, सातही थर.

पहिला घास त्या वर्षी ऑडनीने भरवला, तिने स्वतः पकडलेल्या माशाचा. तेलाने आणि तीनदा साबणाने हात घासून!

पुढचा आठवडा अफी मागच्या खोलीत बंद. ताप, उशी आणि लाज. तिघांपैकी ताप आधी उतरला. दाराबाहेर सूप ठेवून लाराअम्मा टकटक करायच्या आणि गावच्या बातम्या फटीतून आत सोडायच्या. पाद्रीबाबा पडले. ऑडनीचा नवरा पडला. ज्यांनी लस घेतली होती, त्यांतलेही दोघं-तिघं पडले, पण लवकर उठले. "ऑडनीचा फोन होता," लाराअम्मा म्हणाल्या. "म्हणाली, तुझ्या केकची चव अजून जिभेवर आहे, आणि नवरा बिछान्यात."

"आणि ताई?" अफी रोज विचारायचे. दाराला कान लावून, श्वास रोखून.

"ठीक आहे," रोज उत्तर यायचं.

आठव्या दिवशी खुद्द ताईंचाच फोन आला. "मेले नाहीये," त्या म्हणाल्या आणि ठेवून दिला. अफी फोन छातीशी धरून बराच वेळ बसले.

सिग्नीची मात्र काही बातमी येत नव्हती. तिने ना चिठ्ठी पाठवली, ना खिडकीतून हात केला. अफी विचारायचे, तर लाराअम्मा नुसत्या म्हणायच्या, "वेळ दे तिला."

अफी पुरते बरे झाल्यावर, रस्ता मोकळा झाल्यावर, मार्गो नर्स घरी आली. पेटी घेऊन.

"मला होऊन गेला की फ्लू," अफी क्षीण आवाजात म्हणाले.

"एक प्रकारचा झाला. दुसरे फिरताहेत," मार्गो म्हणाली. "बाही वर करा."

अफींनी बाही वर केली. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात सिग्नी दिसली. शाळेचं दप्तर पाठीवर, चेहरा कोरा. ती आत येऊन टेबलापलीकडे उभी राहिली. अफींनी तिच्याकडे पाहिलं, सुईकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. आणि डोळे मिटून घेतले.

"आई गं!" अफी ओरडले.

"अजून टोचलं नाहीये," मार्गो म्हणाली. "कापूस लावतेय."

मग टोचलं. अफी पुन्हा ओरडले, या वेळी खरं. मार्गोने दंडावर गोल पट्टी चिकटवली, पेटी बंद केली आणि लाराअम्मांबरोबर कॉफी घ्यायला बसली.

"दुखलं," अफी सिग्नीला म्हणाले. "मुंगीपेक्षा जास्त. पण गळापेक्षा कमी. खरं सांगतोय."

सिग्नीने दप्तर खाली ठेवलं. ती नळापाशी गेली. साबण लावला, बोटांच्या बेचक्या घासल्या, बोटीचं गाणं एक कडवं पुरं म्हटलं, हात पुसले. मग ती अफींजवळ आली, त्यांचा दंड खिडकीच्या उजेडाकडे वळवला, नखाने पट्टीची एक कड हळूच उचलली आणि खाली खरंच टोचल्याचा लाल ठिपका आहे का, ते वाकून नीट पाहून घेतलं.